उलट्या दाराची फियाट

आमच्या घरी एक फियाट आहे, ११०० डी, जुने लोक तिला डिलाईट म्हणतात, आणि तिच्याबद्दल तीन गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आले. एक म्हणजे अण्णांनी ती नवी कोरी घेतली, अण्णा म्हणजे माझे आजोबा, कराडला डॉक्टर होते. दुसरी, कोयनेच्या भूकंपात ह्याच गाडीतून त्यांनी पाटणकडून जखमी माणसं कराडला आणली. तिसरी, गाडी इटलीहून आलेली आहे आणि आतमध्ये सगळं अजून कंपनीचंच आहे. बाबा कुणाला गाडी दाखवायचे तेव्हा ह्या तीन गोष्टी ह्याच क्रमाने सांगायचे, बॉनेटवर हात ठेवून. २०२४ च्या पावसाळ्यात बाबा गेले आणि आई म्हणाली गाडी तू घे, दादाला बंगलोरला ठेवायला जागा नाही आणि तुझ्याइतकी ती कुणी पुसली पण नाहीये.

मी काही गाड्यांतली जाणकार नाही, शाळेत शिकवते. कागद नावावर करायचे एवढंच डोक्यात होतं. पण कागदांनीच एकेक गोष्ट उसवायला सुरुवात केली आणि मग मला थांबताच आलं नाही, जवळजवळ वर्षभर मी ह्या एका गाडीच्या मागे होते. ज्यांच्याकडे घरातली जुनी गाडी आहे त्यांना ह्यातलं काहीतरी उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

आधी नावावर करायचं. मालक वारले तर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरायचा, तेवढे तीन महिने गाडी वापरता येते. नेहमीच्या खरेदी-विक्रीचे २९ आणि ३० हे फॉर्म वेगळे, वारसाचा ३१ वेगळा, एजंट लोक सवयीने २९-३० पुढे करतात, तिथे लक्ष ठेवा. मृत्यूचा दाखला, आईचं आणि दादाचं संमतिपत्र, इन्शुरन्स, पीयूसी, पर्यावरण कराची पावती. बाबांनी नोंदणीचं नूतनीकरण वेळच्या वेळी केलेलं होतं त्यामुळे तो मोठा प्रश्न वाचला. हे सगळं जमवताना मी वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून माहिती काढली आणि त्यात एक छोटासा रकाना होता, ओनर सिरीयल, त्याच्यापुढे ३ लिहिलेलं.

मी दोन-तीनदा वाचलं. बाबा तिसरे मालक. अण्णांनी नवी घेतली असती तर अण्णा पहिले आणि बाबा दुसरे, मग तिसरा कुठून आला.

आईला विचारलं तर म्हणाली कॉम्प्युटरवाल्यांची चूक असेल. असूही शकते, जुन्या गाड्यांची माहिती वहीतून कॉम्प्युटरमध्ये चढवताना आकडे इकडचे तिकडे होतात, बॅकलॉग एन्ट्री म्हणतात तिला. म्हणून मूळ आरसी बुक शोधायचं ठरवलं. आता स्मार्ट कार्ड आलं पण त्याआधीचं कापडी पुठ्ठ्याचं पुस्तक बाबांनी कधीच टाकलं नसणार ह्याची खात्री होती कारण बाबांनी विजेची बिलंसुद्धा टाकली नव्हती. कराडच्या घरी माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत ते मिळालं, अण्णांच्या तीन डायऱ्या आणि एक फोटोंचं पाकीट त्याच्याच खाली. पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटलेली होती. ती ओढू नका, मी एका पानाचा कोपरा असाच घालवला, मग एका ग्रंथालयात काम करणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं की घाई न करता पातळ प्लास्टिकची पट्टी आत सरकवत न्यायची. तसं केल्यावर सुटली.

पहिल्या पानावर नोंदणीचं वर्ष १९६५, बनवणारी कंपनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स, मुंबई, इंजिन १०८९ सीसी. मालकाच्या जागी एका गृहस्थांचं नाव आणि पत्ता दादर, हिंदू कॉलनी. दुसऱ्या पानावर १९६९ साली मालकी बदलल्याचा शिक्का आणि तिथे अण्णांचं नाव, हस्ताक्षर कारकुनाचं पण सही अण्णांचीच, ते ‘र’ ज्या पद्धतीने काढायचे ते मी कुठेही ओळखेन.

म्हणजे एका पानात दोन गोष्टी गेल्या. नवी घेतलेली नाही, आणि इटलीची पण नाही. इटलीचं नंतर मला नीट समजलं. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर काढली, कारखाना कुर्ल्याला, आणि फियाटशी करार होऊन १९५४ पासून तिथे ११०० बनायला लागली. ११०० डी चौसष्टपासूनची. इटलीत जी ११०० डी विकली जायची तिचं इंजिन १२२१ सीसीचं होतं, कुर्ल्याच्या गाडीत मात्र आधीचंच १०८९ ठेवलं होतं, आणि तेच पुढे ह्याच कंपनीच्या पद्मिनी गाडीत शेवटपर्यंत राहिलं. त्यामुळे आरसीवर १०८९ दिसलं तेव्हाच इटलीचा विषय संपला. फियाटचा जुन्या गाड्यांचा विभाग इटलीत दाखले देतो असं कुणीतरी सुचवलं होतं पण कुर्ल्यात जन्मलेल्या गाडीचा जन्मदाखला तुरिनला मागण्यात अर्थ नव्हता.

आणि खरं सांगायचं तर इटलीची नाही ह्याचं मला जराही वाईट वाटलं नाही, कुर्ला मला जास्त जवळचं वाटलं. वाईट वाटलं ते कोयनेचं. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा, आणि अण्णांच्या नावावर गाडी आली १९६९ मध्ये. म्हणजे ती गोष्टच खोटी? अण्णा खोटं बोलणारे नव्हते, आणि आमच्या घरात बाकी सगळ्याच्या वर ती एक गोष्ट होती. दर ११ डिसेंबरला बाबा गाडी धुवून तिला हार घालायचे. मी दोन दिवस आईला काही सांगितलंच नाही.

मग फोटोंचं पाकीट काढलं. त्यात एक फोटो मी आधी बघितलेला होता, त्याची मोठी केलेली प्रत आमच्या हॉलमध्ये लावलेली आहे, अण्णा फियाटला टेकून उभे, पायात धुळीने भरलेले बूट, मागे पडलेली भिंत. मूळ फोटोच्या मागे निळ्या शाईत ‘पाटण, डिसें. ६७’. म्हणजे अण्णा तिथे होते आणि गाडी पण होती. माझ्या डोक्यात आलं की दादरच्या गृहस्थांकडून गाडी आधीच घेतली असेल आणि कागद उशिरा झाले असतील, असं त्या काळात खूप व्हायचं, आजही होतं. मी जवळजवळ तेच धरून चालले होते.

पण एका रात्री तो मूळ फोटो भिंगाखाली धरला आणि दाराच्या हँडलवर नजर अडकली. आमच्या गाडीचं पुढचं दार इतर कुठल्याही गाडीसारखं उघडतं, बिजागरी पुढे आणि हँडल मागच्या कडेला, ड्रायव्हरच्या खांद्यापाशी. फोटोतल्या गाडीत पुढच्या दाराचं हँडल पुढच्या कडेला होतं, मडगार्डच्या बाजूला. म्हणजे दार मधल्या खांबावर टांगलेलं, उलटं उघडणारं. तशी दारं होती ती आधीच्या फियाटला, जिला सगळा महाराष्ट्र डुक्कर फियाट म्हणतो. हॉलमधल्या मोठ्या फोटोत फ्रेमची कड नेमकी तिथेच येते त्यामुळे इतकी वर्षं कुणाला दिसलंच नाही. मग नंबर प्लेट बघितली. अर्धी प्लेट अण्णांच्या पायामागे आहे पण सुरुवातीची अक्षरं दिसतात आणि ती बीएम आहेत. मुंबई राज्य होतं तेव्हा नंबर बीएमने सुरू व्हायचे, महाराष्ट्र झाल्यावर एमआर आले. आमची गाडी एमआर आहे.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला आत्याकडे गेले. आत्या भूकंपाच्या वेळी बारा वर्षांची. मी काहीच न सांगता तिच्या हातात फोटो आणि भिंग दिलं आणि विचारलं ही गाडी कुठली. तिने एक मिनिटभर बघितलं आणि म्हणाली, “अगं ही तर उलट्या दाराची! हिच्या दारात आईचा पदर अडकायचा, अण्णा ओरडायचे, आधी पदर आत घे मग दार लाव. ही होती की आपल्याकडे, तुझी नंतरची.” मी विचारलं मग इतकी वर्षं कुणी बोललं का नाही, तर म्हणाली, “फियाटच ना दोन्ही. अण्णा दोघींना फियाटच म्हणायचे.”

आत्याला अजून बरंच आठवलं. त्या पहाटे कराडात सगळे अंगणात आले होते, भांडी पडली होती, आणि उजाडायच्या आत अण्णा बॅग घेऊन निघाले. मागची बसायची गादी काढून त्यांनी ओसरीवर ठेवली, माणसाला आडवं झोपवता यावं म्हणून, आणि ती गादी चार दिवस तिथेच होती, आत्या आणि बाबा तिच्यावर बसून अभ्यास करायचे. हे बाबांनी मला कधी सांगितलं नव्हतं, त्यांना आठवत नसेल, ते सहा वर्षांचे होते. डुक्कर फियाट पुढे अण्णांनी विकली आणि ही घेतली. अण्णांच्या १९६९ च्या डायरीत एका ओळीत आहे, ‘जुनी दिली. नवी आणली, मुंबईची.’ घरात नवी म्हणजे नंतरची एवढंच होतं, तिसऱ्या पिढीत येईपर्यंत ती नवी कोरी झाली.

म्हणजे कोयनेची गोष्ट खरी निघाली, फक्त ती दुसऱ्या गाडीची होती. हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली ह्यांनी उगाच इतकी वर्षं हिला हार घातले का. मी म्हटलं उगाच कसे आई, हार त्या दिवसाला होते.

आता राहिली तिसरी गोष्ट, सगळं कंपनीचं. ह्यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि इथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

चेसिस नंबरपासून सुरुवात करा, बाकी सगळं नंतर. आमच्या गाडीत तो बॉनेट उघडल्यावर समोरच्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा ह्यांच्या मधल्या पत्र्यावर, ठोकलेला आहे, पण त्याच्यावर इतक्या वेळा रंग चढला होता की आकडे बोटाला लागायचे पण दिसायचे नाहीत. इथे तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात वापरू नका, आकड्यांच्या आजूबाजूचा पत्रा घासलेला दिसला की तपासणारा माणूस पहिल्यांदा नंबर बदलल्याचाच संशय घेणार आणि मग तो दूर करताना नाकीनऊ येतील. थिनरचा बोळा, जुना टूथब्रश आणि धीर. मला दोन रविवार लागले. मग वर पातळ कागद चिकटवून पेन्सिल आडवी फिरवायची, आकडे पांढरे उमटतात, आरटीओत पण अशीच छाप मागतात. चेसिस नंबर आरसी बुकाशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. तो कागद मी जपून ठेवलाय.

इंजिन नंबर जुळला नाही. आरसीच्या पहिल्या पानावरचा नंबर एक आणि इंजिनाच्या ब्लॉकवरचा, म्हणजे मुख्य ओतीव भागावरचा, वेगळाच. पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवायला नेली होती, जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणारे लोक, त्यांनी टॉर्च मारून सांगितलं की हे पद्मिनीचं इंजिन आहे, ऐंशीच्या सुमाराचं, मूळ गेलं. पद्मिनीत तेच १०८९ असल्यामुळे ते जसंच्या तसं बसतं आणि बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. आणि मग त्याच दमात म्हणाले, मॅडम काळजी करू नका, ब्लॉकवरचा नंबर घासून तुमच्या आरसीतला ठोकून देऊ, नंबर मॅचिंग गाडी म्हणून किंमत दीडपट येईल. मी गाडीची चावी मागितली आणि निघाले. मला अजून त्या बोलण्याचा राग येतो. एक तर तो सरळ गुन्हा आहे, आणि दुसरं म्हणजे मी ज्या एका खऱ्या गोष्टीसाठी महिनोन्‌महिने कागद चाळत होते ती हा माणूस अर्ध्या तासात हातोडीने पुसायला निघाला होता, आणि वर त्यालाच ओरिजिनल म्हणत होता. अशा किती गाड्या असतील ज्यांचं घासून-ठोकून ओरिजिनल झालंय. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी ब्लॉकवरची नंबराची जागा बोटाने चाचपून बघा. ओतीव लोखंडाला एक खरखरीतपणा असतो, यंत्रावर सपाट केलेल्या जागेला सुद्धा एकसारख्या बारीक रेघा असतात. हाताने ग्राइंडर मारलेली जागा खोलगट आणि गुळगुळीत लागते, आणि हाताने ठोकलेले आकडे एका ओळीत बसत नाहीत.

इंजिनाचं उत्तर अण्णांच्या शेवटच्या डायरीत होतं. फेब्रुवारी १९८३, कोल्हापूरला जाताना क्रँक तुटला, गाडी ट्रकने ओढून उद्यमनगरात नेली, ब्लॉक पण फुटलेला निघाला. मग तीन आठवडे रोजची एक ओळ, कुठे चौकशी केली, कोण काय म्हणालं, आणि शेवटी ‘पद्मिनीचे बसवले. चांगले चालते. आवाज वेगळा.’ मला ते ‘आवाज वेगळा’ वाचून भरून आलं. चौदा वर्षं ते इंजिन त्यांनी रोज ऐकलं होतं.

ते वाचून मी आरसी बुक परत काढलं कारण अण्णा असा बदल नोंदवल्याशिवाय राहिले नसणार. इंजिन बदललं की आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते, तेव्हाच्या १९३९ च्या कायद्यात पण होतं आणि आताच्या १९८८ च्या कायद्यात पण आहे. आणि खरंच होती, मागून दुसऱ्या पानावर, जांभळ्या शिक्क्याची शाई इतकी पसरलेली की मी आधी तो पान ओलं झाल्याचा डाग समजले होते. टॉर्च बाजूने तिरपा धरल्यावर पेनाचा दाब दिसला आणि नवा इंजिन नंबर वाचता आला. ब्लॉकवरच्याशी जुळला. पोर्टलवर मात्र अजून जुनाच नंबर होता, ती दुरुस्ती करायला त्या पानाची प्रत आणि अर्ज द्यावा लागला आणि चार फेऱ्या झाल्या. मूळ पुस्तक नसतं तर मी काय केलं असतं माहीत नाही. त्यामुळे स्मार्ट कार्ड आलं म्हणून जुनं आरसी बुक कुणी टाकू नका, हात जोडून सांगते.

बाकीचं सामान बघायला कराडचे आमचे मिस्त्री आले, आता पंच्याहत्तरीचे आहेत, त्यांनी बाबांच्या काळात ही गाडी कितीतरी वेळा खोललीय. ते एकेक वस्तू दाखवत गेले आणि मी वहीत लिहीत गेले. पुढची जाळी पद्मिनीची, नव्वदच्या दशकात म्हशीला धडक झाली तेव्हा बदलली. डायनॅमो काढून ऑल्टरनेटर बसवलेला. कार्ब्युरेटर सोलेक्सचा, मूळ आहे. स्टिअरिंगवरचा गिअर दांडा, स्पीडोमीटर, मागची गादी, दारांची हँडलं, चारही पत्र्याची दारं मूळची, चुंबक फडक्यात गुंडाळून सगळीकडे फिरवला तर फक्त डाव्या मागच्या मडगार्डवर आणि एका दाराच्या खालच्या कडेला सुटला, म्हणजे तिथे लांबी, म्हणजे पुटी, भरलेली आहे. बाकी पत्रा पत्राच आहे. मी विचारलं की मिस्त्री, ह्यात किती गाडी कंपनीची राहिली, तर ते म्हणाले, “पत्रा आणि हाडं सगळी तीच हायती ताई. हालतं ते बदलतंयच की.”

रंगाचं कोडं मात्र त्यांनाही सुटेना. गाडी आत्ता क्रीम कलरची आहे, मिस्त्रींना त्याआधीची गडद हिरवी आठवत होती आणि हिरवाच कंपनीचा असं ते धरून होते. रंगवणारा माणूस जिथे फारसा हात घालत नाही अशा जागा शोधायच्या असतात, डॅशबोर्डच्या खाली आतल्या बाजूने, मागच्या गादीच्या पुठ्ठ्याच्या मागे, डिकीच्या रबराखाली. आमच्याकडे गादीच्या मागच्या पुठ्ठ्यामागे हिरव्याचा थेंबही नव्हता, तिथे सगळं राखाडी होतं, निळ्याकडे झुकणारं. तो रंगच होता की नुसता खालचा प्रायमर हे कळेना. राखाडी प्रायमर पण असतो.

इथे दादरच्या पत्त्याची आठवण झाली. साठ वर्षांपूर्वीचा पत्ता, काय मिळणार असं वाटत होतं, पण पुण्याहून एका शनिवारी गेलेच. इमारत पाडून नवी झालेली. सोसायटीच्या सेक्रेटरींना पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स दाखवली आणि एक हाताने लिहिलेलं पत्र ठेवून आले, फोन नंबर कुणाचाच मागितला नाही, म्हटलं त्यांना वाटलं तर तेच करतील. तीन आठवड्यांनी ठाण्याहून फोन आला. पहिल्या मालकांची मुलगी, आता त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत. पहिलंच वाक्य, “आमची गाडी अजून आहे?” आणि मग दोघींनाही बोलता येईना.

मावशींनी सांगितलं, त्यांच्या वडिलांनी नाव नोंदवून कितीतरी वर्षं वाट बघितली होती, तेव्हा गाड्यांचं वाटप सरकारी नियमाने रांगेने व्हायचं, आणि गाडी आली त्या दिवशी त्यांना शाळेतून लवकर घरी आणलं होतं. नारळ त्यांच्या आजीने फोडला. चार वर्षांनी वडिलांची बदली झाली म्हणून विकली, कराडचे एक डॉक्टर आले होते, टोपी घातलेले, त्यांनी आधी गाडी नाही, गाडीची कागदपत्रं मागितली. हे अण्णाच, दुसरं कोण असणार. रंग विचारला तर म्हणाल्या, “राखाडी. जून महिन्यातल्या ढगासारखा. आईला आवडला नव्हता, तिला पांढरी हवी होती.” त्यांच्याकडे फोटो आहे पण तो कृष्णधवल. मग जरा थांबून म्हणाल्या की मी एक सांगू का, मागच्या डाव्या दाराला आतून, काचेच्या खाली जी पत्र्याची पट्टी असते तिच्यावर मी करकटकाने माझ्या नावाचं अक्षर कोरलं होतं आणि मार खाल्ला होता.

मी त्याच रात्री पार्किंगमध्ये जाऊन टॉर्च तिरपा धरला. क्रीम रंगाखाली खरंच एक बारीक खोलगट वळण होतं. सकाळी उजेडात ब्लेडने, अगदी नखाएवढ्या जागेत, थर उघडत गेले. क्रीम, खाली हिरवा, खाली राखाडी, आणि राखाडीच्या खाली तपकिरी-लालसर प्रायमर. म्हणजे राखाडी हा रंगच होता. आणि कोरलेली रेघ राखाडी थराला कापत खाली गेलेली, तिच्या आत हिरवा रंग भरलेला. म्हणजे अक्षर कोरलं तेव्हा गाडी राखाडी होती आणि हिरवी नंतर झाली, ह्याच्यापेक्षा स्पष्ट पुरावा मला कुठल्या कारखान्याच्या वहीत मिळाला नसता. मी मावशींना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ‘हो. हेच.’

ह्या सगळ्यानंतर प्रश्न आला की आता गाडीचं करायचं काय. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले, ५० वर्षांवरची दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढे ५,००० रुपये, व्हीए अक्षरांचा नंबर, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. ऐकायला छान आहे. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. मला महिन्यातून एकदा हिला घेऊन खंबाटकीचा घाट चढून कराडला आईकडे जायचं असतं. म्हणून मी साध्या नोंदणीवरच राहिले, दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. ज्यांना गाडी फक्त रॅलीत न्यायची आहे त्यांनी व्हिंटेजचा विचार जरूर करावा, आणि इंजिन बदललेलं असेल तर नोंदीचं पान सोबत ठेवून सरळ खरं काय ते सांगावं.

इंजिन मी तेच ठेवलंय. दोन-तीन जणांनी पासष्ट सालचा ब्लॉक शोधून देतो म्हणून सांगितलं पण तो दुसऱ्या कुणाच्या गाडीचा असणार, आमचा तर उद्यमनगरात फुटला. जाळी मात्र बदलली, ११०० डीची मूळ जाळी नाना पेठेत सात-आठ खेपा घालून मिळाली. पद्मिनीची आजवर कुठेही मिळायची कारण मुंबईत टॅक्स्या होत्या, आता ३० ऑक्टोबर २०२३ पासून शेवटची पद्मिनी टॅक्सी पण रस्त्यावरून गेली, तर हे सामानही हळूहळू दुर्मिळ होणार, जे मिळतंय ते घेऊन ठेवा. आमची जुनी जाळी मी टाकलेली नाही, कापडात गुंडाळून ट्रंकेत आहे, म्हशीची तारीख लिहून.

रंग परत राखाडी करायचाय, पुढच्या दिवाळीनंतर. पेंटरला सांगून ठेवलंय की मागच्या डाव्या दाराची ती पट्टी सोडायची, तिच्यावर ना घासायचं ना मारायचं. मावशी एप्रिलमध्ये येऊन गाडीत बसून गेल्या, मागे डावीकडेच बसल्या, आणि आत्या त्यांच्या शेजारी. दोघी तासभर बोलत होत्या, आम्ही बाहेर उभे.

आता मी डुक्करच्या मागे आहे. अण्णांच्या १९६९ च्या डायरीत कुणाला दिली ते नाव नाही, फक्त ‘इस्लामपूर’ एवढंच आहे. फोटोत बीएम, त्याच्यापुढचं अक्षर वाय किंवा एक्स, आणि दोन आकडे नीट दिसतात. उरलेले अण्णांच्या पायामागे आहेत. त्या दिवसाचा दुसरा फोटो कुणाकडे तरी असेल, पाटणमध्ये त्या आठवड्यात बरेच लोक कॅमेरे घेऊन आले होते असं आत्या म्हणते. पुढच्या महिन्यात आम्ही दोघी पाटणला जाणार आहोत, ह्याच गाडीने.